रोहण्याचा गवळाऊ गोऱ्हा

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणा हे काळ्या मातीचे, कापसाचे गाव. येथील एका जुन्या धान्य-कापूस व्यापारी घराण्यातील सद्गृहस्थांनी वयाच्या बासष्टाव्या वर्षी दुकान मुलांच्या हाती सोपविले आणि घरच्या आठ एकर शेतीत लक्ष घातले. मुलांनी ट्रॅक्टर भाड्याने घेण्याचे सुचविले होते. हिशेबाच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु आजोबांच्या रेंगीला जुंपलेली पांढरीशुभ्र जोडी त्यांच्या डोळ्यांपुढून कधी हललीच नव्हती. घरी एक वृद्ध, शांत बैल होता. त्याला जोडीदार म्हणून संक्रांतीनंतर त्यांनी बाजारातून तीन वर्षांचा गवळाऊ गोऱ्हा आणला.

गवळाऊ हा वर्धा-नागपूर भागाचा स्वतःचा गोवंश. आर्वी, आष्टी, कारंजा ही त्याची घरे. अंगाने हलका, पायाने चपळ. मराठ्यांच्या फौजा वेगाने सामान हलविण्यासाठी हाच वंश वापरीत, असे परंपरेने सांगितले जाते. चपळ जनावर तितकेच बुजरेही असते, ही गोष्ट मात्र खरेदीच्या वेळी सहसा कोणी सांगत नाही.

हा गोऱ्हा बुजरा नव्हता, भेदरलेला होता. त्याच्या पुठ्ठ्यावर आरीच्या तुतारीने टोचल्याचे जुने व्रण होते. समोरून कोणी आले तर तो निदान उभा राही. मागून पाऊल वाजले की दावे तुटेपर्यंत हिसके देई. गाय-बैलांना दोन्ही बाजूंचे पुष्कळ दिसते, परंतु नेमके पाठीमागचे दिसत नाही. ज्याला मार नेहमी त्या न दिसणाऱ्या बाजूने मिळाला, त्याने त्या बाजूचे भय धरले यात त्याचा काय दोष?

"शेठजी, याले सध्या काही शिकवू नका," घरचा सालदार पहिल्याच दिवशी म्हणाला. "पयले आपण मारत नाही, एवढं त्याले समजू द्या."

सालदार सत्तरीचा होता. त्याने गोऱ्ह्याला म्हाताऱ्या बैलाशेजारी बांधले. सकाळ-संध्याकाळ भिजविलेली सरकीची ढेप घेऊन तो समोर बसे आणि बोलत राही: पावसाविषयी, नातवाच्या लग्नाविषयी, कशाविषयीही. सव्वा महिन्याने गोऱ्ह्याने हातातून ढेप खाल्ली. पुढे मानेवर हात, मग खांद्यावर, मग रिकामे जू. पहिल्या दिवशी त्याने शिवळ मोडली. दुसऱ्या दिवशी बसकण मारली आणि दुपारपर्यंत उठला नाही. अशा वेळी शेपूट पिरगाळण्याची रीत अनेक गावांत आहे. सालदार बाजूला विडी ओढीत बसला. चैत्रात ओंडका ओढणे सुरू झाले, वैशाखात मऊ रानात वखर.

अमेरिकेतील मस्टँग या रानटी घोड्यांचीही अशीच कथा आहे. स्पॅनिश लोकांनी नेलेल्या घोड्यांची ही मोकळी झालेली संतती. 1971 च्या कायद्याने तिला तेथे संरक्षण मिळाले. 2007 पासून तेथे एक स्पर्धा होऊ लागली. त्या स्पर्धेत प्रशिक्षकाला असा घोडा माणसाळविण्यासाठी सुमारे शंभर दिवस मिळतात. शंभर दिवस ही मुदत माणसाने ठरविलेली; घोड्याला ती कोणी विचारीत नाही.

रोहण्यात मुदत मृगाने ठरविली. पाऊस वेळेवर आला, सर्वत्र तिफणी निघाल्या आणि नेमका सालदार मुलीच्या गावी गेला होता. जाताना तो सांगून गेला होता की गोऱ्ह्याला यंदा तिफणीला लावू नका. शेठजींनी चार दिवस वाट पाहिली. शेजाऱ्यांच्या पेरण्या उरकत आल्या. व्यापाऱ्याच्या मनाला हंगाम हुकण्याचे भय जन्मजातच असते. पाचव्या दिवशी त्यांनी जोडी जुंपली.

दोन तासे नीट गेली. तिसऱ्या तासाला धुऱ्यावरची ताडपत्री वाऱ्याने मागे फडफडली. गोऱ्हा उधळला, तिफण आडवी झाली, फण म्हाताऱ्या बैलाच्या मागच्या पायात घुसला. जोडी कशीबशी थांबली तेव्हा शेठजींनी हातातल्या काठीने गोऱ्ह्याला मारले. एकदा नव्हे, तीनदा.

आयुष्यभर अणुव्रतांचा आदर करणारा तो मनुष्य. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार त्यांना लहानपणापासून पाठ होते: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर भार लादणे, अन्नपाणी रोखणे. शास्त्रकारांनी हे जणू गोठ्याच्या दाराशी उभे राहूनच सांगितले असावे! काठीने मारणारा हात आपला होता, हे त्यांना त्या रात्री विसरता येईना. वेसण तर बाजारातच टोचून आली होती. परंतु त्यामुळे तो प्रश्न सुटला होता असे थोडेच आहे? ते कर्म केवळ दुसऱ्याच्या हातून घडले होते.

सालदार परतला. त्याने गोऱ्ह्याकडे पाहिले, शेठजींकडे पाहिले.

"मारलं?"

"मारलं, बाबा."

"मंग आता ढेप तुम्ही चारा. माह्या हातानं नाही जमाचं ते."

गोऱ्हा आता समोरूनही जवळ येऊ देत नव्हता. साडेचार महिन्यांची मिळकत एका सकाळी गेली होती, आणि बँकेच्या खात्याप्रमाणे ती लगेच भरून देण्याची सोय येथे नव्हती. पेरणी शेवटी भाड्याच्या ट्रॅक्टरनेच झाली. शेठजी रोज पहाटे घमेले घेऊन गोठ्यात बसू लागले. बोलायचे काय, हे त्यांना सुचेना. मग ते नवकार म्हणत. म्हाताऱ्या बैलाचा पाय महिन्याने भरला, परंतु तो लंगडतच राहिला.

पोळा श्वेतांबरांच्या पर्युषणात येतो. त्या वर्षी गोऱ्ह्याला तोरणाखाली नेले नाही. ढोलताशांचा गलका त्याला सोसला नसता. आदल्या दिवशी सालदाराने दोन्ही बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळले, तेव्हा गोऱ्हा उभा राहिला, एवढेच. ढेप त्याने शेठजींच्या हातून खाल्ली ती दिवाळीनंतर.

पुढील वर्षी तो वखराला आणि डवऱ्याला चालला. बंडीला मात्र डांबरी रस्त्यावर कधीच चालला नाही. ट्रकचा भोंगा ऐकला की तो थरथर कापे, आणि शेठजींनी तो हट्ट सोडून दिला. म्हाताऱ्या बैलाला कामातून मोकळे केले आहे. तो गोठ्यात रवंथ करीत असतो. गोऱ्ह्याच्या शेजारी आता भाऊबंदांचा एक बैल सामाईकीत जुंपतात.

गोठ्यात शिरताना शेठजी आजही दारातूनच हाक देतात आणि वळसा घालून समोरून जातात.