माणसं मोजताना

शिरगणतीचा विषय बायकांच्या साप्ताहिकात कशाला, असं कुणाला वाटेल. पण घरात माणसं किती, आज जेवायला किती, कमावती किती, पथ्याची किती, हा हिशेब आपण बायकाच तर रोज मनातल्या मनात करत असतो! तांदूळ किती वाट्या धुवायचे, ते त्यावरच ठरतं. तेव्हा अमेरिकेतल्या एका लहानशा शहराचा हा हिशेब मैत्रिणींपुढे मांडायला हरकत नाही.

माझी लेक डेट्रॉईटजवळच्या एका उपनगरात राहते. हे गेल्यापासून तिचा एकच धोशा, ‘‘आई, आता तू इकडेच ये, कायमची.’’ विचार करायला वेळ हवा म्हणून मी सहा महिन्यांसाठी गेले. दर शनिवारी ती मला भाजीला हॅमट्रॅमिकला नेई. जवळजवळ चहूबाजूंनी डेट्रॉईटने वेढलेलं हे शहर जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचं. पण तिथल्या बांगलादेशी दुकानांत कारली, दुधी, लाल माठ, कोथिंबिरीच्या जुड्या, सगळं मिळतं. पिशव्या भरताना मला प्रश्न पडे, ही एवढी आपल्यासारखी माणसं इथं आली कशी? जावईबापूंनी आकडे काढून दिले. ते वाचताना मला एखाद्या मोठ्या घराण्याची कहाणी वाचतेय असंच वाटलं.

१९१० साली या गावात ३,५५९ माणसं होती. त्याच साली डॉज बंधूंनी तिथं मोटारींचा कारखाना काढला आणि पोलंडहून आलेली कुटुंबं कामासाठी लोटली. दहा वर्षांनी, १९२० साली, माणसं झाली ४८,६१५! १९३० साली ५६,२६८. एवढ्याशा जागेत एवढी माणसं, म्हणजे घराला घर चिकटलेलं. तशी ती लाकडी घरं आजही उभी आहेत.

त्या गर्दीतल्या बायकाही काही कमी नव्हत्या. १९३५ च्या मंदीत मांसाचे भाव चढले, तेव्हा मेरी झुक नावाच्या दोन मुलांच्या आईने गृहिणींना घेऊन खाटकांच्या दुकानांपुढे ठाण मांडलं. भाव उतरवा, तोवर खरेदी बंद! पुढच्याच वर्षी ती नगरसभेवर निवडून आली, तिथली पहिली बाई. लाटणे मोर्चे पाहिलेल्या माझ्या पिढीला ही बाई अगदी शेजारची वाटावी.

मग उतरती कळा लागली. मुलं शिकली, उत्तरेकडच्या उपनगरांत मोठ्या अंगणांची घरं घेऊन राहिली. म्हातारी मागे उरली. १९८० च्या जानेवारीत कारखानाही बंद पडला. १९९० च्या मोजणीत माणसं उरली १८,३७२. साठ वर्षांत तिघांतले दोघे कमी झाले. १९८७ साली पोलंडचेच असलेले पोप जॉन पॉल दुसरे तिथं आले, तेव्हा रस्ते फुलून गेले म्हणतात. पण पाहुणे परतल्यावर घर जास्तच रिकामं वाटतं, हे आपल्याला सांगायला का हवं?

त्या रिकाम्या घरांत मग येमेनची आणि बांगलादेशची कुटुंबं आली. स्वस्त घर, पायी जाता येईल अशी मशीद आणि शाळा, शेजारी आपलीच भाषा. कुरबुरी झाल्याच. २००४ साली ध्वनिक्षेपकावरून अजान द्यायला नगरसभेनं परवानगी दिली, तेव्हा वाद मतदानापर्यंत गेला, परवानगी टिकली. २०२२ च्या जानेवारीत महापौर आणि सारी नगरसभा मुस्लिम झाली. त्या सभेत पोलिश वंशाची, इस्लाम स्वीकारलेली एक तरुणीही होती! २०२० च्या मोजणीत माणसं २८,४३३ भरली, दहा वर्षांत सहा हजारांनी जास्त. ती मोजणी संगणकावर अरबीतूनही भरता येई आणि पोलिशमधूनही.

मोजणीच्या कागदावर वंशाचा रकाना असतो. त्या वर्षी येमेनी माणूस श्वेतवर्णीयांत मोजला गेला. अरबांसाठी वेगळा रकाना करायचं २०२४ साली ठरलं. आपलीही गंमतच! १९७० च्या मोजणीत तिथल्या भारतीयांना श्वेतवर्णीय धरलं होतं. आपला स्वतंत्र रकाना १९८० साली आला. नातीला विचारलं, ‘‘तू कुठल्या रकान्यात गं?’’ तर म्हणते, ‘‘आजी, तू कुठल्या?’’

पाहुण्यांना तिथं मोजत नाहीत. राहतो तिथं मोजायचं, असा नियम. मग मी राहते कुठं, हाच खरा प्रश्न होता.

भाजीच्या दुकानामागच्या गल्लीत एक सिलेटी आजी मांडवावर दुधीचे वेल चढवत असे. मला तिची भाषा येईना, तिला माझी. पण बी कधी लावलं ते बोटांवर मोजून तिनं सांगितलं. तिचं अमेरिकेत छान चाललं होतं. का? हाक मारली तर ओ देणाऱ्या चार बायका पलीकडच्याच दारांत होत्या. माझ्या लेकीचं घर हिच्या घराच्या तिप्पट. पण सकाळी सगळी आपापल्या गाडीत बसून गेली की संध्याकाळपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी चालवता येत नसेल, तर मीठसुद्धा आणता येत नाही.

लेकीला मी जवळ बसवून सांगितलं, ‘‘तुझ्या प्रेमात काही कमी नाही गं. पण मला माझ्या पायांनी जाता येईल अशी चार दारं लागतात. ती माझ्या गावात आहेत. मी येत जाईन, राहायला नाही.’’ ती रडली. मीही रडले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी परतीचं तिकीट काढलं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी पुष्कळजणींपुढे हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे. मुलं बोलावतील, मायेनंच बोलावतील. तेव्हा घरात खोल्या किती हे जरूर विचारा. पण त्याआधी, चालत जाता येईल अशी दारं किती, ते मोजा. आणि ती असतील, तर खुशाल जा. त्या सिलेटी आजीसारखं दुधीचं बी तेवढं पदराला बांधून न्या.