नाव घातलंस का गं?

मैत्रिणींनो, काळ्या टीशर्टवर पांढऱ्या रेषांचे डोंगर छापलेले तुम्ही पाहिले असतील. कदाचित तुमच्याच दोरीवर वाळतही असतील! आमच्याकडे तो धाकटीचा. "हिमालय आहे का गं हा?" असं विचारलं, तर म्हणाली, "आई, हे एका रेकॉर्डचं कव्हर आहे." सध्या ती स्वतःही मित्रांच्या बँडसाठी कव्हर काढते आहे, त्यामुळे सगळी हकीगतच ऐकायला मिळाली.

१९७९ साली मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडनं 'अननोन प्लेझर्स' ही रेकॉर्ड काढली. कंपनी लहानशीच, फॅक्टरी रेकॉर्ड्स नावाची. खगोलशास्त्राच्या कोशातली एक आकृती बँडनं पीटर सॅव्हिल या कव्हर करणाऱ्या तरुणाच्या हाती दिली. पांढऱ्यावर काळ्या रेषा होत्या, त्यानं काळ्यावर पांढऱ्या केल्या. भोवती भरपूर काळी जागा सोडली. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना रेकॉर्डचं!

ते डोंगर म्हणजे एका ताऱ्याच्या रेडिओ-स्पंदनांचा आलेख. दर १.३४ सेकंदांनी एक ठोका, आणि ते ठोके एकाखाली एक मांडलेले. हॅरल्ड क्राफ्टनं तो १९७० च्या आपल्या प्रबंधात काढला होता. कव्हरची त्या बिचाऱ्याला कल्पनाच नव्हती. पुढे कुणा सहकाऱ्यानं सांगितलं, तेव्हा दुकानात जाऊन पदरच्या पैशांनी त्यानं रेकॉर्ड घेतली!

आणि तो तारा हेरला कुणी? केंब्रिजमधल्या जोसलिन बेल या विद्यार्थिनीनं, १९६७ साली. कागदाच्या लांबच लांब पट्ट्या तपासताना, तांदळातला खडा दिसावा तशी बारीकशी खूण तिला दिसली. वार्ताहरांनी तिला विचारलं काय, तर मित्र किती आहेत! १९७४ चं नोबेल मिळालं तिच्या मार्गदर्शकांना आणि त्यांच्या एका सहकाऱ्याला. २०१८ साली तिला तीस लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं, ते तिनं शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकलं.

हे ऐकलं आणि मी धाकटीला विचारलं, "तुझं नाव घातलंस का गं कव्हरवर?"

"अगं, मित्रच आहेत. नाव काय, पैसे काय, कसं बोलायचं?"

हे आपल्या किती ओळखीचं, नाही? रुखवत मांडावं, गोधडी शिवावी, आणि कुणी विचारलं तर म्हणावं, "काही नाही हो, घरचंच आहे."

मी म्हटलं, "पुढची बाजू कोरी ठेव हवी तर. पण मागे, बारीक अक्षरांत का होईना, चित्र कुणाचं ते छापलं गेलंच पाहिजे. पैसे, आणि तेच चित्र टीशर्टवर छापलं तर तुझा वाटा किती, हे आधीच कागदावर घे. मैत्री आहे तोवरच बोलावं. नंतर राहतं ते भांडण."

दोन दिवस घुटमळली, मग बोलली. मुलांनी तक्रार न करता मान्य केलं. त्यांना सुचलंच नव्हतं, इतकंच!

तुमच्या घरातही कुणी काही काढत, शिवत, लिहीत असेल, तर एवढा प्रश्न जरूर विचारा. आणि ती 'कुणी' तुम्हीच असाल, तर स्वतःलाही.