शेवटून तिसरा

मराठीत 'हौशी' हा शब्द दोन सुरांत उच्चारला जातो. 'हौशी कलावंत' म्हणताना त्यात कौतुक असते, आणि 'त्यांचे काय, हौशी माणूस!' म्हणताना तोच शब्द एक पायरी खाली उतरतो. वडोदऱ्यातील आम्हा मराठी मंडळींना हा फरक चांगला ठाऊक आहे. कारण दिवसभर बँकेत नाहीतर कचेरीत बसणाऱ्या माणसांनी रात्री तालमी करून येथे नाटके उभी केली. माझी हौस मात्र रंगमंचावरची नाही. गेली पस्तीसेक वर्षे मी मोटारसायकलींच्या शर्यतींची छायाचित्रे काढीत आलो आहे. महसूल खात्यात हयात घालवलेल्या आणि आता पासष्टी ओलांडलेल्या गृहस्थाने रविवारी सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून धुळीत जाऊन उभे राहावे, हे आमच्या शेजाऱ्यांच्या अजून पचनी पडलेले नाही. 'हौसेला मोल नसते' ही म्हण सौभाग्यवती फिल्मच्या बिलांकडे पाहून म्हणत, तेव्हा मोल कोणाला द्यावे लागते हेही त्या सुचवीत असत.

शर्यत म्हटली की दूरचित्रवाणीवरचे झगमगते परदेशी सामने डोळ्यांसमोर येतात. मी म्हणतो त्या शर्यती निराळ्या. आपल्याकडे या खेळाचे नियमन करणारी राष्ट्रीय संस्था १९७१ साली स्थापन झाली. तिचे नाव फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. हा क्लबांचा, म्हणजे हौशी मंडळींनी एकत्र येऊन चालवलेला खेळ आहे, हे त्या नावातच आले. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने शहराच्या उत्तरेस शोळावरम येथे, महायुद्धाच्या काळातील एका ओस पडलेल्या धावपट्टीवर वर्षानुवर्षे शर्यती भरवल्या. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा कायमचा मार्ग झाला, आणि २००३ मध्ये कोइम्बतूरजवळ दुसरा. आमच्या पश्चिम भागात डांबरी मार्गापेक्षा मातीची शर्यत अधिक रुजली. पुण्या-नाशिककडे मोठ्या मैदानांत मातीचे उंचवटे रचून, त्यांवरून गाड्या उडवीत धावण्याच्या शर्यती पाहायला आबालवृद्ध गर्दी करीत आले आहेत. आमच्याकडचे सामने त्याच जातीचे. मात्र आकाराने लहान.

अशा शर्यतीत भाग घेणारे कोण असतात? गॅरेजमध्ये काम करणारी मुले, महाविद्यालयीन विद्यार्थी, सुट्या भागांच्या दुकानदारांचे चिरंजीव, क्वचित एखादा दंतवैद्य. सोमवारी कामावर जायची ती गाडी रविवारी दिवे आणि आरसे उतरवून शर्यतीला उभी राहते. संध्याकाळी तेच दिवे पुन्हा बसवून स्वार घरी जातो. बक्षिसाच्या रकमेत दोन टायरही येतील की नाही, अशी स्थिती. म्हणजे पळणारेही हौशी, पळवणारेही हौशी आणि चित्रे काढणाराही हौशी!

या छंदाचे मूळ वडोदऱ्यातच आहे. आगफा कंपनीचा 'क्लिक थ्री' हा कॅमेरा त्या काळी आमच्याच शहरात तयार होत असे. एका रिळावर बारा चौकोनी चित्रे, आणि चालत्या गाडीचा वेग पकडायला निरुपयोगी असा शटरचा एकच ठरीव वेग. वडिलांनी तो मला मॅट्रिकनंतर घेऊन दिला. समोरून जाणाऱ्या सायकलस्वाराचे चित्र काढले की सायकलस्वार धुरासारखा पुसट आणि मागची भिंत मात्र खणखणीत स्पष्ट, असे व्हायचे. पुढे एका ज्येष्ठ छायाचित्रकारांनी युक्ती सांगितली : सायकल जशी जाते तसा कॅमेराही तिच्याबरोबर वळव, आणि वळता वळताच कळ दाब. पुढच्या रिळात सायकलस्वार बऱ्यापैकी स्पष्ट आला आणि भिंतीच्याच आडव्या रेघा झाल्या. शर्यतीच्या छायाचित्रणातील अर्धी विद्या या एका वाक्यात आहे. उरलेली अर्धी सवयीने येते.

हे तंत्र सांगायला सोपे आहे. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाच्या हजाराव्या भागात जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर सरकते. साठाव्या भागात मात्र हातभर, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर. शटर हजाराव्या भागावर ठेवले तर गाडी अशी गोठते की चाकाचे आरे मोजून घ्यावेत. पण ती पळते आहे की स्टँडवर उभी आहे ते चित्रावरून कळत नाही. शटर साठाव्या भागावर ठेवून कॅमेरा गाडीबरोबर फिरवला, तर स्वार स्पष्ट राहतो, आरे वितळून चाकाची चकती होते आणि मागचे प्रेक्षक रंगांच्या पट्ट्यांत मिसळून जातात. डोळ्याला जाणवलेला वेग कागदावर उतरतो तो असा. त्यासाठी पाय रोवून कमरेपासून वळावे लागते, आणि कळ दाबल्यावरही क्षणभर वळत राहावे लागते. हात मध्येच थांबला की चित्र गेले. चांगल्या दिवशीही दहांतली सात चित्रे वाया जातात, आणि ती तशी जाणारच हे एकदा मान्य केले की मन शांत राहते.

वाया गेलेल्या चित्रांवरून एक गोष्ट आठवते. झाक-आन्री लार्तिग या फ्रेंच तरुणाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मोटार शर्यतीचे चित्र काढले. त्याच्या कॅमेऱ्यातील शटरची फट काचेवरून सरकत असताना मोटार पुढे गेली आणि कॅमेराही वळला. त्यामुळे मोटारीचे चाक अंड्यासारखे लांबट होऊन पुढे झुकले आणि कडेचे प्रेक्षक उलट दिशेला कलले. मोटारही अर्धी चौकटीबाहेर. हे चित्र फसले, असेच त्याला वाटले. तो स्वतःला चित्रकार मानी. छायाचित्रे ही त्याची हौस होती. १९६३ मध्ये, त्याच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने त्याच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले, आणि आज ते चित्र वेगाच्या चित्रांचा वस्तुपाठ समजले जाते. माझी फसलेली चित्रे कोणी संग्रहालयात लावणार नाही, हे मी जाणतो. पण ती फेकून देण्याची घाई मी करीत नाही, त्याला लार्तिगचा आधार आहे.

शर्यतीच्या जागेला स्वतःचा असा वास असतो. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या काळात काही मंडळी शर्यतीसाठी एरंडेलापासून केलेले वंगण वापरीत. त्याच्या धुराचा गोडसर दर्प आला की लहानपणी नाक दाबून घेतलेला चमचा आठवायचा. देशातील एरंडीचे बहुतेक पीक आमच्या गुजरातेतच निघते. तेव्हा हा वास म्हणजे आमच्या शेतीचाच एक पैलू, असे मी मित्रांना ऐकवीत असे. आता फोर-स्ट्रोक गाड्यांनी तो वास नेला. उरली ती ओल्या मातीची, रबराची आणि तळणीच्या भज्यांची मिसळ.

कॅमेरेवाल्याला येथे शिस्त पाळावी लागते. वळणाच्या बाहेरच्या बाजूस उभे राहायचे नाही. कारण पकड सुटलेली गाडी आत वळत नाही, सरळ बाहेर जाते. येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करायची नाही. आणि झेंड्यांची भाषा यायला हवी. पिवळा हलला म्हणजे पुढे धोका आहे; वेग कमी करा, कोणाला मागे टाकू नका. लाल म्हणजे शर्यत थांबली. चौकटीचा म्हणजे संपली. हे झेंडे हातात घेऊन उन्हात दिवसभर उभे राहणारे स्वयंसेवक हाही एक बिनपगारी वर्ग. त्यांचे चित्र सहसा कोणी काढत नाही. मी काढतो.

महसूल खात्यात मी असंख्य पंचनामे वाचले आणि केलेही. पंचनाम्यात मत लिहायचे नसते. दिसले तेवढेच, जेथे दिसले तेथे, वेळ घालून लिहायचे. ही सवय मी शर्यतीत नेली. माझ्याकडे एक वही असते. तीत तारीख, गट, क्रमांक आणि शेवटचे स्थान यांची नोंद होते. पहिल्या तिघांची चित्रे वर्तमानपत्रवाले काढतात. म्हणून माझा नियम असा की, शर्यतीत उतरलेल्या प्रत्येक क्रमांकाचे निदान एक चित्र निघालेच पाहिजे. ज्याला पोट भरायचे आहे त्याला विजेत्याच्या मागे जावे लागते. मला कोणी पैसे देत नाही, म्हणून मी शेवटच्याकडेही पाहू शकतो. हौशी माणसाला मिळणारे वेतन ते हेच.

पडण्याच्या चित्रांचा प्रश्न मात्र अवघड आहे. स्वार घसरतो, गाडी उलटते, त्या क्षणी बोट आपोआप कळ दाबते. ते चित्र कसे वापरावे? माझ्या एका तरुण सहकाऱ्याचे म्हणणे असे की, लोकांना तेच पाहायचे असते आणि नाकारण्यात अर्थ नाही. मला ते पटत नाही. अशी चित्रे मी ठेवतो, पण त्या स्वाराखेरीज कोणाला देत नाही. एकाला मी ओळीने पाच चित्रे दाखवली, तेव्हा गाडी कललेली असताना पुढचा ब्रेक आपण दाबून धरला होता हे त्याचे त्यालाच उमगले. त्याच्यासाठी तो धडा होता. इतरांसाठी नुसता तमाशा झाला असता.

या वहीतील एक क्रमांक मला पाठ आहे : ४७. खानदेशातून कामासाठी इकडे येऊन स्थिरावलेल्या कुटुंबातील हा मुलगा शहराच्या टोकाला एका गॅरेजमध्ये काम करी. २०१६ पासून तीन वर्षे तो नवोदितांच्या गटात उतरला. कधी जिंकला नाही. २०१९ च्या पावसाळ्यात रात्री कामावरून परतताना महामार्गावर एका मालमोटारीने त्याला उडवले, आणि तो जागीच गेला.

महिन्याभराने त्याचे वडील माझ्या घरी आले. फोटो मागायला आले असतील असे मला वाटले. मी "बसा भाऊ" म्हटले; पण ते बराच वेळ उभेच राहिले. मग म्हणाले, "साहेब, एकच विचारायचंय. गल्लीत सगळे म्हणतात, पोरगा शर्यतीच्या नादानं गेला. तुम्ही त्याला पाहिलंय. तो बेफाम चालवायचा का हो?"

२०२२ साली आपल्या देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्त्यावरील अपघातांत दगावली, आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. आदली-मागली वर्षेही फारशी वेगळी नव्हती. पण समोर उभ्या असलेल्या बापाला आकडे सांगून काय उपयोग? मी वही काढली आणि संगणकावर त्याची सगळी चित्रे ओळीने लावली. एकूण एकेचाळीस निघाली. प्रत्येकात शिरस्त्राणाचा पट्टा हनुवटीखाली घट्ट होता, नजर वळणाच्या पुढे होती. एका चित्रात कोपऱ्यात पिवळा झेंडा हलत होता, पुढे दोघे जण पडले होते, आणि हा आसनावर सरळ बसून, गाडी आवरून, डावा हात उंच करून मागच्यांना सावध करीत होता. तांत्रिकदृष्ट्या चित्र साधारणच. धूळ फार आणि चेहरा काचेआड. वहीत त्या दिवसाची नोंद होती : 'क्र. ४७, चौदा जणांत बारावा'. म्हणजे शेवटून तिसरा.

"त्या रात्री काय झाले ते मला ठाऊक नाही," मी त्यांना सांगितले. "मी पाहिले ते हे आहे." त्यांनी सगळी चित्रे दोनदा पाहिली. उंचवट्यावरून गाडी हवेत उडाल्याचे एक झकास चित्र होते, तेच ते नेतील असे मला वाटले होते. त्यांनी बोट ठेवले ते हात वर केलेल्या चित्रावर. म्हणाले, "हे मोठं करून द्या साहेब. गल्लीत लावतो."

छायाचित्राने सत्य सिद्ध होते, असा माझा दावा नाही. सेकंदाच्या साठाव्या भागाएवढेच त्याला दिसते. पण एका माणसाविषयी लोकांचे मत एका वाक्यात ठरून जाते, तेव्हा असे एकेचाळीस क्षण कोणीतरी तारीखवार जपून ठेवलेले असणे ही लहान गोष्ट नव्हे. विजेत्याला त्याची गरज पडत नाही. त्याच्याकडे चषक असतो.

जुन्या रिळांचे डबे आणि त्यापुढची चित्रे यांची सूची मी सध्या करीत आहे. वह्या अकरा झाल्या आहेत. त्यांत आपले वा आपल्या घरच्या कोणाचे चित्र असेल असे वाटणाऱ्या कोणीही यावे. क्रमांक आणि साल सांगावे. तेवढे आठवत नसेल तर गाडीचा रंग सांगितला तरी चालेल. शोधायला मला वेळ आहे.