ताव ओळखणारी

निपाणीहून हद्द ओलांडली की चांदीची हुपरी फार लांब नाही. आमच्या सीमाभागातल्या बायकांना ती सांगावी लागत नाही. लेकीच्या पायातलं पैंजण बहुधा तिथलंच असतं. पण त्याची एकेक कडी कुणी जोडली, हे आपण क्वचित विचारतो. बरंचसं जोडकाम बायका घरीच करतात. माझी एक मावशी त्यातलीच. भाकरी-आमटी आवरली की तिचा पाट मांडला जायचा.

काम ऐकायला सोपं. कड्या जुळवायच्या, सांध्याला टाकणखार लावायचा, डाकाचा कण ठेवायचा आणि ज्योत द्यायची. पण शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते, तांबं मिसळलं की त्याआधीच. डाक त्याच्याही अलीकडे पाघळतो. तेवढ्या फरकात सांधा धरायचा. जरा पुढं गेलं की कडीचा गोळा! त्यातून घुंगरू बारीक, साखळी जाड. मावशी म्हणायची, "जाडीला आधी ताव द्यावा गं, बारीक आपोआप तापतंय." भर उजेडात तापल्या चांदीची लाली दिसत नाही, म्हणून ती खिडकीला पडदा लावून बसायची.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत पोलादी तुकड्यांना ताव द्यायची दुसरी रीत आहे, इंडक्शनची. तांब्याच्या वेटोळ्यात तुकडा धरला की ज्योत नसतानाच तो लालबुंद होतो. वेटोळ्यातली वीज सारखी दिशा बदलते, त्यामुळं तुकड्याच्या अंगातच प्रवाह फिरतात आणि तो स्वतः तापतो. लगेच विझवला की वरचा थर कठीण, आतलं अंग चिवट. ज्योत नाही, ताव मोजूनमापून.

मग मावशीला हेच का नको? कारण चांदी वेगळी. घरच्या इंडक्शन शेगडीवर पितळी पातेलं तापत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. चांदी तर विजेला त्याहून मोकळी वाट देते, म्हणून तापायला नाखूश. आटणीत ग्राफाइटची मूस आधी तापते आणि चांदी वितळवते. सुट्या बारीक कडीला मात्र फार जलद दिशा बदलणारी वीज आणि तिच्या मापाचं वेटोळं लागतं. नक्षी बदलली की वेटोळंही बदला. घरच्या पाटावर हे कसं परवडणार?

म्हणून सांध्याला ज्योतच राहिली, आणि तिच्यासोबत धूरही. काही डाकांत कॅडमियम असतं; त्याचा धूर फुप्फुसांना विषच. कॅडमियम नसलेला डाक मिळतो, तोच मागून घ्यावा. पडदा लावला तरी धूर बाहेर जायला वाट ठेवावी, आणि लेकरांना जवळ बसवू नये.

उतारवयात मावशीला जिना चढताना दम लागायचा. कशामुळं, ते कुणी तपासलं नाही. आपण अग्निकाय जिवांचाही विचार करणारी माणसं. ज्योतीसमोर बसलेल्या बाईच्या श्वासाचा विचार तर आधी व्हायला हवा.