आजोबांच्या नावे

गेल्या वर्षी परीक्षेत 'बँक खात्यावरील नामनिर्देशन' यावर टीप लिहायची होती. पाचपैकी चार गुण मिळाले. पण त्या टिपेचा खरा अर्थ मला कळला तो मार्गशीर्षात, आजोबा गेले त्या दिवशी.

आजोबांचा जन्म वडगावात मागावर गेला. पंचाहत्तरी उलटली तरी रोज सकाळी ते कांड्या भरून देत. त्या दिवशी त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली, "जरा पडतो," म्हणाले, आणि आई उठवायला गेली तेव्हा सारे संपले होते. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "सोन्यासारखं मरण आलं." पण सोन्यासारख्या मरणालाही रोख पैसे लागतात!

बाबांनी मला बाजूला बोलावले. घरात २३०० रुपये होते. बांबू, कडबा, मडके, कापड, हार, लाकडे, शेणी... मी वहीत आकडे मांडू लागलो. आजोबा आत निजलेले आणि मी बाहेर बेरीज करीत होतो. त्या बेरजेची लाज मला अजून वाटते.

तेवढ्यात आजीने ट्रंकेतून पासबुक आणून दिले. "माझ्यासाठी कुणापुढं हात पसरू नका, म्हणायचे. त्यासाठीच साठवलेत." शिल्लक १९,४०० रुपये. पण खाते एकट्या आजोबांचे, कार्ड घेतलेले नाही, आणि वारसाच्या नावाची जागा कोरी. आता मरणाचा दाखला हवा, वारसांच्या सह्या हव्यात. पासबुक भरून आणायला दर महिन्याला मीच जात असे. ती कोरी जागा मला कधी दिसली नव्हती.

शेवटी शेजारचे अण्णा धावून आले. सुतासाठी आणलेले दहा हजार त्यांनी बाबांच्या खिशात कोंबले. "आमेले नोडोण," एवढेच म्हणाले, मागाहून बघू. आमच्या घरी चूल पेटली नव्हती. रात्री अक्का अन्न-सारू घेऊन आल्या आणि आजी दोन घास जेवेपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

बाराव्याला साऱ्या गल्लीला जेवण घालावे, असा पाहुण्यांचा आग्रह होता. बाबा आईच्या बांगड्या गहाण ठेवायला निघाले. तेव्हा आजीच म्हणाली, "ते जन्मभर दोन धोतरांत राहिले. आता त्यांच्या नावावर कर्ज नको." पाहुणे रुसले. बारावा घरच्यांपुरता आणि अण्णांच्या घरापुरता झाला.

मरणाची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते. ती मी केली. दाखल्यावरचे कन्नड मी आजीला वाचून दाखवले, 'मरण प्रमाण पत्र'. "त्यांच्यातही मरणच म्हणतात व्हय?" तिने विचारले. मी मान हलवली.

पुढे बँकेचे पैसे मिळाले, अण्णांचे दहा हजार परत गेले. वहीत त्यांचे खाते मिटले. अक्कांच्या त्या रात्रीच्या जेवणाची नोंद मात्र मला अजून कुठे करता आलेली नाही.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसांचे पासबुक एकदा उघडून पाहा. मी आजीच्या खात्याचा अर्ज आणला. "कुणाचं नाव घालू?" मी विचारले.

"तुझंच घाल की," आजी म्हणाली.

स्वतःचे नाव लिहायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता.