भाज्यात जे उरलं नाही

आंबीहून तळेगाव गाठून लोकल पकडली, की कामशेतच्या पुढचं स्टेशन मळवली. तिथून भाजे लेणी पायी जाण्याजोगी. बहुतेक जण चैत्यगृहासमोर फोटो काढतात आणि परततात.

या चैत्यगृहाची दर्शनी बाजू मात्र तिथे नाहीच. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या दालनापुढे लाकडी पडदी होती. ती केव्हाच गेली. राहिल्या त्या दगडातल्या खाचा. खाचेत बोट घातलं की कुण्या सुताराच्या वाशाचं माप हाताला लागतं. त्याचं नाव कुठेच कोरलेलं नाही. आत स्तूप आहे, बुद्धमूर्ती नाही. त्या काळी बुद्धाची उपस्थिती स्तूपासारख्या प्रतीकांतून मानली जाई.

पलीकडच्या कार्ले लेण्यांत उलट चित्र. खांबांवर दात्यांची नावं आहेत, धेनुकाकट या गावच्या यवनांचीही (यवन म्हणजे तेव्हा ग्रीक वा तत्सम परदेशी). पण हे धेनुकाकट नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. नाव टिकलं, गाव हरवलं! ही हुरहूर कोणत्याही शिल्पाइतकीच मोलाची आहे.

भाज्याला जाल तेव्हा चैत्यगृहाच्या कमानीइतकाच वेळ त्या खाचांनाही द्या.