सहाचा आकडा

पार्क-स्कीइंग म्हणजे बर्फाच्या रॅम्पवरून उडायचं, लोखंडी रेलवरून आडवं घसरायचं आणि जमलंच तर पाठमोरं उतरायचं. कोलोरॅडोतल्या कीस्टोनच्या पार्कात मी हे करतो, मधल्या दर्जाचं. छोट्या जंपवर वन-एटी बसते. मोठ्या जंपला लांबूनच नमस्कार.

या हंगामात नवीन स्की घेतल्या. त्यावरचं बाइंडिंग वेगळं निवडावं लागतं. त्याचं कामच विचित्र आहे: बूट घट्ट धरायचा आणि वेळ आली की सोडायचा. रेलवर चढताना उगाच सुटलं तर हनुवटी फुटते, पडताना सुटलंच नाही तर पाय पिळवटतो. ऑन-कॉल केलेल्यांना हे लगेच कळेल. एक खोटा अलर्ट, एक न आलेला अलर्ट. फक्त इथे सर्व्हर म्हणजे आपली नडगी.

किती जोराने सुटायचं हे डिन नावाच्या आकड्यावर ठरतं. त्यासाठी वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी सांगायची आणि स्कीइंगचा प्रकार: टाइप एक, दोन की तीन. पहिल्या चार गोष्टी मोजता येतात. पाचवीत स्वतःला स्वतःच मार्क द्यायचे असतात. अप्रेझलमध्ये देतो तसे. पोरं बिनधास्त तीनवर खूण करतात. मी दोनवर केली. आकडा सहाच्या आसपास आला.

आता पार्कात ज्याच्याकडे सगळे वळून बघतात ते लुक पिव्हट 18. त्याचा आकडा सुरूच 8 पासून होतो. म्हणजे माझ्यासाठी ते नीट लावताच येत नाही! पिव्हटचे धाकटे भाऊ चालले असते, आणि त्यांची टाच खरंच भारी आहे. धक्का बसला की बूट थोडा सरकतो आणि परत जागेवर येतो, प्रत्येक आदळण्याला सुटत नाही. पण मला मार्कर ग्रिफन स्वस्तात मिळत होतं, 4 ते 13. सहा त्यात आरामात बसतो. ब्रेक स्कीच्या कमरेपेक्षा किंचितच रुंद घ्यायचा, नाहीतर अडकतो. स्की 88 मिलिमीटरची, ब्रेक 90 चा. विषय संपला.

मला खरी टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. आधुनिक बाइंडिंग आल्यापासून नडगीची हाडं मोडणं खूप कमी झालं. गुडघ्यातला एसीएल मात्र तसाच फाटत राहिला, कारण मागे कलून पडताना जो पीळ बसतो तो बाइंडिंगला नीट जाणवतच नाही. म्हणजे कितीही महाग घ्या, गुडघ्याची हमी कुणी देत नाही. इथे मी एकटा राहतो, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

आईने फोनवर विचारलं, "पडलास तर सुटतं ना रे ते?"

"सुटतं."

नडगीपुरतं ते खरंच होतं. गुडघ्याचं तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही.

पाठमोरं उतरता यावं म्हणून बाइंडिंग स्कीच्या मध्याजवळ बसवायला सांगितलंय. एकदा भोकं पाडली की जागा सहज बदलता येत नाही, म्हणून दुकानदाराने दोनदा विचारून घेतलं. मग मशीनवर लावून ते सहाला सुटतं का हे तपासणार. शुक्रवारी स्की हातात येतील. शनिवारी आय-सेव्हन्टीवर ट्रॅफिक नसेल तर छोट्या जंपवर जाईन.